नुसता चालू करा

नागापूरच्या रतनबाईंचे मालक वारले, तेव्हा त्यांचा जुना ॲम्प्लिफायर मी विकत घेतला. "चालू केला की घूं करतो बरं का," त्या म्हणाल्या. "हे कामावरून आले की आधी त्योच लावायचे. घूं झालं की मला सैपाकघरात कळायचं, मानूस घरी आला."

केडगावला आणून स्पीकरला जोडला. गाणं थांबलं की तो घूं आवाज मला स्वस्थ बसू देईना. चौथ्या दिवशी मेकॅनिककडे नेला. त्याने आतले जुने कंडेन्सर बदलले आणि तो घूं आवाज साफ गेला.

दुसऱ्याच दिवशी रतनबाईंचा फोन आला. "भाऊ, गानं नको. नुसता चालू करा अन् फोन जवळ धरा. तेवढं घूं ऐकू द्या."

चालू केला. काहीच आवाज नाही. फोन हातात घेऊन मी घरभर फिरलो. शेवटी फ्रीजच्या मागे धरून उभा राहिलो.

रतनबाईंनी नीट ऐकलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमचा फ्रीज लई वाजतोय. तेवढा बंद करा, म्हंजी यांचा आवाज ऐकू येईल."