दारातले दोघे

एमेट लढाईवर गेल्यापासून त्याच्या आईला, लोर्नाला, फोनची भीती वाटत नव्हती. भीती होती ती दाराच्या घंटीची. मुलगा गेल्याची बातमी फोनवर देत नाहीत, त्यासाठी लष्कराचे दोघे जण दारात येतात, हे ओहायोतल्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी ती खिडकीपाशी सफरचंदं सोलत होती. गडद कोटातले दोघे गाडीतून उतरले. मुलगा सैन्यात आहे हे सांगणारी निळी चांदणी तिच्या खिडकीत टांगलेली होती. ती बघून एकानं टोपी काढली.

घंटी वाजली. लोर्ना दाराला पाठ लावून उभी राहिली.

"नाही उघडणार! चालते व्हा इथून!"

"अहो मॅडम, रागावू नका. मंगळवारी मतदान आहे ना, तेवढंच सांगायला आलोय."

"मत? नुसतं मत हवंय तुम्हाला?"

तिनं दार उघडलं आणि टोपीवाल्याच्या गळ्यातच पडली. हसत होती, रडत होती.

"घ्या की मेल्यांनो! माझं घ्या, माझ्या नवऱ्याचंही घ्या! अंगणात तुमच्या उमेदवाराची पाटी लावायचीय? एक काय, दोन लावा!"

संध्याकाळी नवरा, व्हर्जिल, कामावरून आला तो अंगणातच थबकला.



"लोर्ना, एमेटला अजून दोन वर्षं तिथंच ठेवा म्हणणाऱ्या खासदाराची पाटी आपल्या दारात कुणी गं रोवली?"