शेजारची सीट

गाड्यांच्या लेदर सीट दुरुस्त करणारा तो कारागीर बायको गेल्यापासून दुकानामागच्या खोलीत एकटाच राहत होता. गिऱ्हाईक आलं तरच त्याचं तोंड उघडायचं.

एकदा एका निवृत्त शिक्षिकाबाईंची गाडी त्याच्याकडे आली. ड्रायव्हरशेजारच्या सीटला भेगा पडल्या होत्या. त्याने त्या भरल्या, रंग जुळवला, क्रीम चोळलं आणि गाडी उन्हात ठेवू नका म्हणून बजावलं.

महिन्याभरातच बाई परत आल्या. तीच सीट, त्याच जागी झिजलेली.

"शेजारी रोज कोण बसतं, बाई?"

"कोणी नाही हो. सहा वर्षं मी एकटीच आहे." मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे कोणी बसत असेल, असं वाटतं तुम्हाला?"

त्यांच्या डोळ्यांतली आशा पाहून तो सीट सोडवायला वळला.

नवं लेदर चढवून तो भर दुपारी गाडी पोचवायला निघाला. रिकाम्या रस्त्यावर गाडी टिंग टिंग वाजू लागली. शेजारच्याने पट्टा लावलेला नाही, असा तो इशारा होता. वायर बिघडली असेल, असं पुटपुटत त्याने हात लांबवून पट्टा अडकवला. आवाज थांबला.

पण पट्टा सीटला टेकला नव्हता. वीतभर पुढे ताणलेला तो सावकाश वर येत होता, खाली जात होता, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

धक्का बसू नये म्हणून त्याने वेग कमी केला. बाईंचं घर आलं. तो थांबला नाही.