धुरातले जोडवे

गेल्या साली शेलूबाजारजवळ शूटिंग झालेला गांजेकसांचा सिनेमा रिसोडच्या तंबूत लागला, अन् गाव येडं झालं. नशेच्या नाचात रंगीत धुरात गरगरणारे हिरॉईनचे नुसते पाय दिसत, बोटांत जोडवे. मग काय, बिनलग्नाच्या पोरीही जोडवे घालू लागल्या.

धाकट्या लेकीचे पाय पाहून देवमनराव कडाडले, "कोन्या बेशरम बाईनं हे खूळ आनलं? तिचे पायच तोडाले पाह्यजेत!"

सून भागिरथा आजवर गप्प होती. सोमवारचा उपास होता. तिनं तुळशीपुढं दिवा लावला, पदर सावरला अन् सासऱ्यांपुढं उभी राहिली.



"तोडा, मामाजी. हिरॉईनचा पाय मुरगळला, तं शूटिंग पाहाले गेलेल्या बायकांतून नाचाले माहे पाय घेतले. डायरेक्टर म्हने, जोडवे काढ. म्या सांगतलं, नाचीन, पन सवाशिनीचे जोडवे निंगनार नाहीत."