वायरींची वेणी

“बाबा, माझा चार्जर सुटत नाहीये.”

ती टेबलाखाली उकिडवी बसली होती. दारात बॅगा उभ्या, गाडीवाल्याचा एक फोन येऊन गेलेला आणि लॅपटॉप आधीच पाठीवरच्या बॅगेत जाऊन बसलेला. चार्जर मात्र अडकला होता. त्याची वायर, स्क्रीनची वायर आणि प्रिंटरची वायर अशा तिघींची टेबलाच्या मागच्या कडेपासून खाली बोर्डापर्यंत घट्ट वेणी घातलेली होती. टोकाला केसांचं काळं रबर.

इतर लोक वायरींना प्लास्टिकच्या पट्ट्या बांधतात, नाहीतर सगळा गुंता टेबलामागे ढकलून मोकळे होतात. या घरात वेणी घालायची पद्धत होती आणि घालणारे एकटे बाबा. टीव्हीच्या मागे वेणी, फोनच्या चार्जरना वेणी. एकदा तर मिक्सर आणि इस्त्रीही त्यांच्या तावडीत सापडली होती. एक वायर काढायची तर तिन्ही सोडाव्या लागतात, हे त्यांना सांगून सांगून ती थकली होती. या टेबलावरची वेणी गेल्या वर्षीची. ती केस मानेवर बारीक कापून घरी आली, त्या दिवशी बाबा “छान दिसतंय” म्हणाले होते आणि संध्याकाळी निमूटपणे टेबलाखाली शिरले होते.

बाबा चष्मा पुसत आले.

“राहू दे,” ती म्हणाली. “उशीर होतोय. तिथे नवा घेईन.”

“नवा कशाला? हा चांगला चालतोय की. सरक.”

ते भिंतीला हात लावत खाली बसले. खरं म्हणजे चार्जरचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. ती पहिल्यांदाच घर सोडून दुसऱ्या गावी नोकरीला निघाली होती आणि सकाळपासून तिने त्यांना कशाला हात लावू दिला नव्हता. कपडे तिने भरले, कुलपं तिने लावली, पाण्याची बाटलीसुद्धा तिनेच भरून घेतली. निघता निघता एवढं एकच काम त्यांच्या वाट्याला आलं होतं. ते त्यांना सोडायचं नव्हतं.

त्यांनी रबर काढून मनगटात अडकवलं आणि खालून पेड मोकळे करायला घेतले.

“हे खूळ तुला लागलं कुठून रे?” ती चिडूनच म्हणाली. “वायरींना कुणी वेण्या घालतं का?”

“ऑफिसात लागलं.”

“ऑफिसात?”

“तुझी आई गेली तेव्हा तू पहिलीत. आत्या एकदा दाखवून गेली, डावा पेड मधे, उजवा पेड मधे. सांगायला काय जातं? माझा हातच बसेना. तुझ्या डोक्यावर शिकावं तर तू भोकाड पसरायचीस. मग जेवणाच्या सुट्टीत माउसच्या वायरी घेतल्या. एक माझ्या टेबलावरची, एक शेजारच्या बाईंची, एक हेडक्लार्कची. तेव्हा माउसला वायरी असायच्या.”

“तिघांची मिळून एक वेणी?”

“मग? हेडक्लार्कनी आपला माउस ओढला की बाईंचा टेबलावरून पळायचा. त्यात ऑडिट चालू होतं. नुसता गोंधळ.”

तिला हसू फुटलं. “चांगलंच झापलं असेल तुला.”

“झापलं तर. म्हणाले, शेंडा बघा किती वाकडा झालाय, सोडा आणि परत घाला. त्यांना तीन मुली होत्या.”

ती हसता हसता थांबली. वेणी घालणं बाबांना कधीतरी शिकावं लागलं असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना सायकल यायची तशी वेणी यायची, एवढंच तिला ठाऊक. शाळेच्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची. मागे स्टुलावर ऑफिसचा शर्ट घातलेले बाबा, दातांत धरलेला कंगवा, गॅसवर उतू जायच्या बेतात आलेलं दूध. ती पाढे म्हणायची आणि पाठीमागे वेणी होत जायची. त्या सकाळी पुन्हा हव्यात असं तिला अचानक फार वाटलं.

ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. इतकी वर्षं ती पाठमोरी असायची. आज पहिल्यांदा तिला त्यांचा चेहरा दिसत होता. कपाळाला आठ्या, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. रोज सकाळी हे असे दिसत असणार, आणि तिला पत्ताच नव्हता.

फोन वाजला. गाडीवाला. तिने फोन कापला आणि उलटा करून जमिनीवर ठेवला.

चार्जरच्या ठोकळ्यापाशी पेड फारच आवळले होते. बाबांनी नख घालून पाहिलं, मग वायर जरा जोरात ओढली. लगेच त्यांचा हात थबकला. वायरीवरची नजर न काढता, सवयीने बोलावं तसं ते म्हणाले, “दुखलं का गं?”

तिचा हात मानेवरच्या आखूड केसांवर गेला. मग म्हणाली, “थोडंसं.”

“झालंच हं,” बाबा म्हणाले, आणि आणखी सावकाश सोडवू लागले.