डावीकडे बघणारं नाणं

"हनुवटी जराशी वर. आणि आता डावीकडे बघ, चिमणे," ठसेआजोबा म्हणाले.

स्टुलावरची मुलगी उजवीकडेच बघत राहिली.

आजोबांनी तिला 'तू' म्हटलं तशा दारापाशी बसलेल्या मावशीच्या भुवया वर गेल्या. मुलगी मात्र सकाळपासून पहिल्यांदाच हसली. हसली, पण वळली नाही.

टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरता कोरता आजोबांचे केस पिकले होते. राज्याभिषेकाचं नाणं समारंभाच्या दिवशीच लोकांच्या हातात पडलं पाहिजे, असा रिवाज होता. त्यासाठी तिच्या चेहऱ्याचं चित्र आजच कागदावर उतरायला हवं होतं. खाली सगळे कारागीर हातावर हात ठेवून बसले होते.

"तिकडे शिंपी ताटकळलाय," मावशी म्हणाली. "थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे. नीट बस ना गं."

"बसलेय की."

"बसलीस, पण तोंड फुगवून."

आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली. घाई केली की धातू तडकतो आणि मूलही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

"मुठीत काय लपवलंयस?"

तिने मूठ उघडली. मागच्या राज्याभिषेकाचं नाणं होतं, घामाने ओलं झालेलं.

"अरे वा, हे तर माझ्याच हातचं. गंमत सांगू? तेव्हा राजेसाहेबांना बसायची सवडच नव्हती. जरा टेकले आणि घोड्यावर बसून पसार. मग मी फाटकावरच्या पहारेकऱ्याला धरून आणलं आणि ह्याच स्टुलावर बसवलं. नाण्यावर मान त्याची आहे."

मुलीचा चेहरा उतरला. "आणि नाक?"

"नाक राजेसाहेबांचंच. असलं नाक पहारेकऱ्याला कुठून मिळायला?"

तिने नाण्यावरच्या नाकावरून हळूच बोट फिरवलं. "मग ठीक आहे. पहारेकरी नीट बसला होता?"

"छे गं. घोरायला लागला. तू त्याच्यापेक्षा तरी बरी बस."

"बसेन. पण मान उजवीकडेच. ह्यांच्यासारखी."

"तसं चालत नाही ना. आधीच्या नाण्यावर तोंड उजवीकडे असेल, तर नव्यावर ते डावीकडेच हवं. माझ्या आजोबांच्याही आधीपासून हे असंच चालत आलंय."

"म्हणजे ह्यांच्याकडे पाठ करायची." तिचा आवाज बारीक झाला. "ह्यांची भिंतींवरची चित्रंसुद्धा उतरवताहेत. आता नाण्यावरही पाठ. मी नाही करणार."

मावशी उठू लागली. मावशीचेच डोळे भरून आले होते. आजोबांनी तिला हातानेच बसायची खूण केली.

"पाठ होते की आणखी काही, ते आधी बघू तरी," ते म्हणाले. त्यांनी कागदावर झरझर एक चेहरा काढला. दोन वेण्या, जराशी वर आलेली हनुवटी, नजर डावीकडे. मग तो कागद त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवला.

"तुझं नाणं ह्याच्या शेजारी ठेव. कुठल्या बाजूला, ते तूच ठरव."

तिने नाणं कागदाच्या उजवीकडे ठेवलं. दोन्ही चेहरे एकमेकांकडे पाठ करून बसले, भांडण झाल्यासारखे. आजोबा चष्मा काढून पुसत राहिले.

बऱ्याच वेळाने तिने नाण्यावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू सरकवत कागदाच्या दुसऱ्या बाजूला नेलं.

ती वाकून बघत राहिली. मग स्टुलावर ताठ बसली, हनुवटी वर केली आणि आपणहून डावीकडे वळली.

"मावशी," मान न हलवता ती कुजबुजली, "बाबा माझ्याकडेच बघताहेत."