डनबार साहेबाचा फटका

"हे सांगितलं तर कुणाचा बापही विश्वास ठेवणार नाही," तात्याराव म्हणाले, "पण डनबार साहेबानं एकदा खडकीच्या माळावरून चेंडू टोलवला, तो नदी ओलांडून विश्रांतवाडीतल्या एका म्हशीच्या शिंगात जाऊन अडकला. त्या दिवसापासून म्हैस दुप्पट दूध द्यायला लागली."

"आजोबा, आत्ता नको." रुपालीनं हातमोजा काढून पिशवीत कोंबला. "जाऊन सांगा त्यांना, पोरीचं पोट दुखतंय. साईला कप देऊन टाका म्हणावं."

शेडच्या बाहेर माइकवर भाषण चाललं होतं. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं मुलींसाठी गोल्फची स्पर्धा ठेवली होती. जिंकणारीला कंपनीत नोकरी आणि पुढच्या शिक्षणाचा, सरावाचा सगळा खर्च. कंपनीच्या डायरेक्टरची मुलगी साई आणि विश्रांतवाडीची रुपाली अगदी बरोबरीत सुटल्या होत्या. भाषणं झाली की दोघींनी आणखी एक डाव खेळायचा आणि निकाल लावायचा.

पण मघाशी कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाला होता, "अरे, ही खेळतेय की गवत कापतेय?" सगळे हसले. साई तेवढी हसली नाही. रुपालीचे कान अजून गरम होते. तात्यारावांनी याच मैदानावर गवत कापण्यात जन्म घालवला होता. टाकून दिलेली वाकडी काठी घेऊन त्यांच्याच मागं मागं फिरत ती खेळायला शिकली होती. त्या गृहस्थाला काय उत्तर देणार? तो खोटं कुठं बोलला होता?

तात्यारावांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर मारली.

"डनबार साहेबालाही लोक हसायचे."

"साहेबाला कोण हसणार?"

"लंगडा म्हणायचे. तिकडं मायदेशी हौशी खेळाडूंत दोनदा पहिला आलेला गडी. खेळायचे पैसे घ्यायचा नाही, निव्वळ हौस. मग राणीच्या फौजेत सरहद्दीवर लढाईला गेला आणि मांडीत गोळी बसली. डॉक्टर म्हणाला, पाय कापावा लागेल. साहेब म्हणाला, कापा, पण आधी मला एक डाव खेळून येऊ द्या. डाव संपेपर्यंत पाय आपोआप बरा झाला."

"झालं सुरू."

"बरा म्हणजे, थोडा अधू राहिला. मग त्याची बदली खडकीला. सकाळी कवायत, संध्याकाळी काठी घेऊन माळावर. माझी आजी चंपा तिथं पलटणीच्या घोड्यांसाठी गवत कापायची. साहेबाचे हरवलेले चेंडू तीच शोधून द्यायची. हे सगळं तिनंच मला सांगितलंय, म्हणजे खरंच असणार."

"तुम्ही तिच्यावरच गेलेले दिसता."

तात्याराव तिच्याकडं न बघता पुढं बोलू लागले. मुंबईहून एक मेजर आला. डनबारला म्हणाला, तू होतास कधी काळी चॅम्पियन, आता काठी टेकायला वापर. साहेबाला ते झोंबलं. त्यानं सगळ्या पलटणीसमोर शब्द दिला की आज हरलो तर जन्मात पुन्हा काठी हातात धरणार नाही. दोघं खेळायला लागले. शेवटपर्यंत बरोबरीत. आणि शेवटी साहेबाचा चेंडू तोफगाड्याच्या चाकोरीत जाऊन रुतला. साहेब मारायला वाकला, तशी मांडीतली जुनी कळ उठली आणि तो मटकन खालीच बसला.

"हरला?" रुपालीनं विचारलं. पिशवीवरचा तिचा हात तसाच राहिला होता.

"मेजर हसला. म्हणाला, आज नाही तर नाही, तुझ्या बदली दुसरं कुणी मारत असेल तर मारू दे. पलटणीत कोण पुढं येतंय? सगळे आपापल्या बुटांकडं बघायला लागले."

"मग?"

"मग काय. पदर कमरेला खोचला. विळ्याची मूठ धरतात तशी काठी धरली. खाली वाकून, जमिनीलगत, मुळापासून गवत निघावं असा एकच हात फिरवला." तात्यारावांची बशी हवेत थांबली. "आवाज असा झालाच नाही, पोरी. चेंडू त्या चाकोरीतून पाखरासारखा उठला. घारीनं त्याला वाट दिली. तोफखान्याची घोडी चरायची थांबली. अख्खी पलटण माना वर करून उभी, कुणी श्वास घेईना. चेंडू मावळत्या सूर्यावरून गेला, दिसेनासा झाला. लोकांना वाटलं, गेला देवाघरी. आणि मग पार तिकडं, निशाणाच्या बुडाशी, अलगद खड्ड्यात उतरला. डनबार साहेब बसल्या जागी टोपी काढून छातीशी धरून राहिला. पुढं आफ्रिकेत बोअरांच्या लढाईत मेला. तोवर ज्याला त्याला सांगायचा, असा फटका मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

वरून लोहगावचं विमान गेलं. मग माइकवर नाव पुकारलं. आधी साईचं, मग रुपालीचं.

रुपाली उठली. पिशवीतून हातमोजा काढून बोटं एकेक करून त्यात घातली. काठी घेतली, मूठ धरून पाहिली, जरा खाली सरकवली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"आजोबा, तुम्ही खोटं बोललात."

"म्हशीचं थोडं वाढवलं," तात्याराव बशीत बघत म्हणाले.

"म्हशीचं राहू द्या. फटका डनबार साहेबाचा, तर त्याला पदर कुठून आला?"