रिबिनीवरची जागा

"येवढीशीच?" सटवाजीनं पोराचं पदक डोळ्यांशी धरलं. "आन् दुसरं कुठंय?"

"दादा, दुसरं नसतंय," फौजेच्या बुटाची नाडी बांधत भुजंग म्हणाला. "तेच मेडल दुसऱ्यांदा मिळालं की निस्ती पट्टी देतेत. हेच्याच रिबिनीवर लावायची."

म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. त्यानं सुताराकडून दुसऱ्या पदकासाठी काचेची पेटी करून घेतली होती. भिंतीत खिळाही ठोकला होता. सगळ्या गल्लीला चहाला बोलावलेलं. आता लोकांना काय दाखवायचं, बोटभर पट्टी?

"आन् तिसऱ्यांदा मिळालं तर?"

"तर आजून एक पट्टी. हिच्या वर."

म्हाताऱ्यानं रिबिनीवरून अंगठा फिरवला आणि एकदम खुलला. "आरं, मग जागा लय हाय की! आजून दोन-तीन आरामात बसतेत!"

भुजंग हसला. आत चुलीपुढं बसलेल्या कमलची भाकरी तव्यावरच करपली.

नवऱ्याचं कौतुक तिला नव्हतं असं कसं म्हणावं? पदक आलं तेव्हा गावभर पेढे तिनंच वाटले होते. पण त्या पदकापायी डाव्या हाताची दोन बोटं बर्फात गेली. या पट्टीपायी लंकेत पाठीत बाँबचे बारीक तुकडे घुसले. तेल चोळताना ते अजून तिच्या हाताला लागायचे. पेन्शनीपुरती नोकरी कधीच झाली होती. "आता बास करा की वो," ती काल म्हणाली होती. "बगू. या खेपंला जाऊन येतो," म्हणून तो कूस बदलून झोपला. आज दुपारी पूर्णेहून त्याची गाडी होती.

म्हातारा गल्लीतल्या लोकांना आणायला गेला. भुजंग मारुतीला नारळ फोडायला गेला. कमलनं शिवणयंत्रावरची कात्री उचलली, वरच्या पिनेपासून रिबीन उसवली आणि पट्टीच्या वरची मोकळी जागा सगळी कापून टाकली. तुकडा चुलीत घातला. उरलेली रिबीन होती तशी शिवली. गावाची पोलकी शिवणारी बाई ती, टाका कुठं दिसेल तर शपथ! मग कुठं तिचा जीव जरा भांड्यात पडला.

भुजंग देवळातून आला. पदक डबीत ठेवायला उचललं आणि थांबला. पट्टी पार वरच्या पिनेला जाऊन भिडली होती. त्यानं कमलकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण ती दारातून हलली नाही.

"आता लावा म्हणावं तिसरी," ती म्हणाली. "बगते मी कुठं लावतेत."

त्याला राग आला नाही. उलट तोच कसनुसा झाला. डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी त्यानं तिचे डोळे पुसले.

"येडी हायस का गं?" तो म्हणाला. "रिबीन काय, सरकार पायजे तेवढी देतंय."